चोरांच्या घरातली उचलेगिरी: चित्रपट-पायरसीच्या गटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी चित्रपटांची मराठी सबटायटल्स करतो. फिल्म सोसायटीच्या खेळानंतर, कार्यशाळेत चहाच्या वेळी, कुणाच्या तरी गॅलरीत, कुठेही पायरसीचा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. म्हणून एकदाची उत्तरे लिहून काढली. कुठून काय उतरवून घ्यायचे ते इथे सापडणार नाही. त्यासाठी आला असाल तर चहा घ्या आणि निघा.

चोरीच्या मालात कसली आलीय वाङ्मयचौर्याची भानगड?

आहे, आणि भरपूर आहे. पायरसी म्हणजे परवानगी न घेता प्रत काढणे आणि वाटणे. वाङ्मयचौर्य म्हणजे दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर खपवणे. या दोन गोष्टी हातात हात घालून चालतातच असे नाही. पायरसी करणारा 'हा चित्रपट माझा' असे कधीच म्हणत नाही. दिग्दर्शकापासून स्पॉटबॉयपर्यंत सगळ्यांची नावे त्याच्या प्रतीत जशीच्या तशी असतात. तो एवढेच म्हणतो, 'ही प्रत मी काढली.' त्यांच्यातली भांडणे या वाक्यावरून होतात.

उलटही घडते. कथा कुठून तरी ढापलेला चित्रपट सेन्सॉरचे प्रमाणपत्र घेऊन, कर भरून राजरोस चालतो. तिथे पायरसी नाही, पण उचलेगिरी आहे. आपल्याकडे या दोन्हींना सरसकट 'कॉपी' म्हणतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

'सीन' म्हणजे कोण?

संगणकावरच्या चोरीच्या मालाची सगळ्यात जुनी, सगळ्यात बंदिस्त बिरादरी. मुळे १९८०च्या दशकातल्या, गेमची कॉपी रोखणारी कुलपे फोडणाऱ्या पोरांत आहेत. नॉर्वेतला रेझर १९११ हा गट १९८५चा, स्वीडनमधला फेअरलाइट १९८७चा. चित्रपट नंतर आले, डिस्क आणि वेगवान जोडण्या आल्यावर. आत शिरायला ओळख लागते आणि खासगी सर्व्हरवर कामाची वाटणी असते: माल आणणारा वेगळा, फोडणारा वेगळा, आकार लहान करणारा वेगळा, एका सर्व्हरवरून दुसरीकडे पळवणारा वेगळा. माल पहिल्यांदा बाहेर ठेवण्याला ते 'प्री' म्हणतात. टोरंटवरून, म्हणजे वापरणाऱ्यांच्याच संगणकांतून एकमेकांना, सगळ्यांना खुले वाटप करणाऱ्यांकडे ही मंडळी नाक मुरडून बघतात. आपला माल टोरंटवर गेला की यांना राग येतो. हो, बरोबर वाचलेत: चोरलेला माल परवानगीशिवाय पुढे वाटला म्हणून राग.

त्यांचे खरेच लेखी नियम असतात?

असतात, आणि एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या उपविधींना लाजवतील इतके बारीक असतात. चित्राची लांबी-रुंदी, आवाजाचा दर्जा, फाइलचे नाव कसे असावे, संकुचित तुकडे किती आकाराचे करावेत, सगळे ठरलेले. खाली सह्या केलेल्या गटांची यादी. हे दस्तऐवज वेळोवेळी बदलतात. फेब्रुवारी २०१२मध्ये टीव्ही मालिकांसाठी व्हिडिओ लहान करणारे जुने सॉफ्टवेअर एक्सव्हिड सोडून नवे एक्स२६४ वापरायचे ठरले, तेव्हा टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये पेनड्राइव्ह खोचून बघणारे जगभर बोंबलले. नियम करणाऱ्यांनी ढिम्म लक्ष दिले नाही. फुकट्यांसाठी आम्ही काम करत नाही, हा त्यांचा बाणा.

आपल्या विषयापुरते तीन नियम महत्त्वाचे. एकाने आधी काढलेली गोष्ट त्याच स्वरूपात दुसऱ्याने काढायची नाही, त्याला 'ड्यूप' म्हणतात. दुसऱ्याच्या प्रतीवरून आपली प्रत बनवायची नाही, ती 'चोरलेला स्रोत' ठरते. हा शब्द त्यांचाच आहे, मी तिरकसपणे घातलेला नाही. आणि आधीच्या गटाची प्रत सदोष असेल तरच 'प्रॉपर' अशी खूण करून नवी काढायची, तीही दोष पुराव्यासह दाखवून. स्वतःचीच चूक सुधारली असेल तर 'रीपॅक'.

नियम मोडला की प्रत 'न्यूक' होते, म्हणजे तिच्यावर बाद असा शिक्का बसतो आणि कारण नोंदले जाते. प्रत जगातून नाहीशी होत नाही, पण गटाची अब्रू जाते. जिथे पगार नाही आणि खरे नाव सांगायची सोय नाही, तिथे अब्रू हेच चलन.

दुसऱ्याची प्रत ढापली हे ओळखतात कसे? फाइल तर फाइलच.

मला या सगळ्यात हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. प्रश्न उपस्थित झाला तर संशय असलेल्या गटाने मूळ डिस्कवरून घेतलेला, आकार लहान न केलेला किमान १० सेकंदांचा तुकडा २४ तासांच्या आत हजर करायचा, असा हाय डेफिनिशन प्रतींच्या नियमांत दंडक होता. तर्क सोपा आहे. ज्याच्याकडे मूळ डिस्क आहे त्याला हा तुकडा काढायला काहीच वेळ लागणार नाही. ज्याने दुसऱ्याच्या लहान केलेल्या प्रतीवरून काम उरकले, त्याला तो कुठूनच आणता येणार नाही. उसाच्या चिपाडातून पुन्हा ऊस होत नाही, तसे.

दुसरी पद्धत फोटोची. डिस्कची छापील बाजू वर ठेवायची, सोबत गटाचे नाव स्पष्ट दिसेल असे लिहायचे आणि फोटो काढून प्रतीसोबत जोडायचा. त्यात एक तळटीप: फोटोच्या आत लपलेली माहिती, म्हणजे कॅमेरा कोणता, कधी काढला वगैरे, पुसून मगच द्या. चोरी प्रामाणिकपणे केली याचा पुरावा हवा, पण कोणी केली याचा नको.

प्रत्येक प्रतीबरोबर एनएफओ नावाची साध्या मजकुराची फाइल असते. तिच्यात कीबोर्डवरच्या चिन्हांनी रेखाटलेले गटाचे नाव, तांत्रिक तपशील, मित्रगटांना रामराम आणि कधीकधी शत्रूंना शिव्या. 'अमक्यांनी आमची प्रत उचलली' अशी जाहीर धुलाई याच फाइलींतून होते. कलाकुसरीत काही एनएफओ खरोखर सुंदर असतात, हे मान्य करायला हवे.

पैशासाठी करत नाही म्हणतात. खरे का?

नियमात तसे आहे. माल विकणाऱ्याला बिरादरीत मान नाही. पण खटल्यांच्या कागदांत वेगळे दिसते. अमेरिकेत इमॅजिन नावाच्या गटाचे लोक चित्रपटगृहात जाऊन आवाज स्वतंत्रपणे टिपत आणि मग चित्राशी जुळवत. त्यांनी उतरवून घेणाऱ्यांकडून देणग्या आणि पैसे घेण्यासाठी खाती उघडली होती. म्होरक्याला जानेवारी २०१३मध्ये ५ वर्षांची कैद झाली. स्पार्क्स या गटावर ऑगस्ट २०२०मध्ये अनेक देशांत एकाच वेळी धाडी पडल्या. त्यांच्यावरचा आरोप असा की घाऊक वितरकांना खोटी कारणे सांगून, दुकानात येण्याआधीच डिस्का मिळवायच्या.

म्हणजे आपापसांत दहा सेकंदांचा पुरावा मागणारी माणसे वितरकाला बिनदिक्कत थाप मारत होती. नियम फक्त घरच्यांसाठी. बाहेरचा तो बाहेरचा.

अ‍ॅक्सो, यिफी ही नावे ऐकली आहेत. ते याच बिरादरीतले?

नाही, ते खुल्या टोरंटवरचे. २००५च्या सुमारास अ‍ॅक्सो नावाने बरोबर एका सीडीत मावतील अशा ७०० एमबीच्या प्रती येऊ लागल्या. आपल्याकडे हॉस्टेलांच्या हार्ड डिस्कांवरही हे नाव हटकून दिसे. ते इतके चालले की त्याच नावाने बनावट फाइलींचा सुळसुळाट झाला. उघडायला गेले की चित्रपटाऐवजी व्हायरस, नाहीतर 'आधी हा प्लेअर बसवा' असा सापळा. २००९मध्ये खरा अ‍ॅक्सो गायब झाला, बनावट मात्र टिकले.

यिफीची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधून चालणारा हा कारखाना कमी जागेत मावणाऱ्या प्रतींसाठी प्रसिद्ध होता. चित्राचा दर्जा पाहून जाणकार नाके मुरडत, पण मोबाइल डेटा मोजून वापरणाऱ्याला त्याचे काय? ऑक्टोबर २०१५मध्ये तो बंद पडला आणि मूळ माणसाने चित्रपट कंपन्यांशी तडजोड केली. काही दिवसांतच तेच नाव, तसेच बोधचिन्ह लावून दुसऱ्याच कुणीतरी दुकान थाटले. लोक जुन्या भरवशावर तिथे खाती उघडत राहिले. पुढे या नव्या चालकाने कंपन्यांशी मिटवामिटव करताना वापरकर्त्यांचे तपशीलच हवाली केले आणि २०२०मध्ये लोकांच्या दारात नोटिसा येऊ लागल्या. नाव चोरीचे, गिऱ्हाईक चोरीचे, आणि शेवटी गिऱ्हाइकाचाच सौदा.

मालिकांच्या वाटपासाठी ओळखल्या जाणाऱ्या ईझेडटीव्हीचे २०१५मध्ये तर सरळ अपहरण झाले. कुणीतरी डोमेनवर ताबा मिळवला, मूळ संस्थापकाने हात टेकले, आणि नवा मालक त्याच नावाने माल वाटू लागला. तक्रार करणार कुठे? चोरावर मोर म्हणतात ते हेच.

व्हिडिओ लहान करणारे सॉफ्टवेअर तरी कायदेशीर होते का?

सुरुवात तिथेही खोटीच. १९९०च्या दशकाच्या शेवटी गाजलेला डिव्हएक्स ३.११ हा मायक्रोसॉफ्टच्या कोडेकची, म्हणजे व्हिडिओ लहान करून पुन्हा उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची, फोडलेली आवृत्ती होती. नावापुढे डोळा मारणारे चिन्हही होते. नंतर आलेला एक्सव्हिड मात्र स्वच्छ: खुला, कुणालाही वापरता येईल असा, पण जीपीएल परवान्याच्या अटीवर. अट अशी की यावरून काही बनवून वाटलेत तर त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, तुम्हीही खुला ठेवायचा.

२००२च्या जुलैत सिग्मा डिझाइन्स या कंपनीने स्वतःचा म्हणून एक कोडेक काढला. त्यात एक्सव्हिडचा बराचसा कोड असल्याचे तपासणाऱ्यांच्या लक्षात आले. कंपनीने कबूल केले, बदलून देतो म्हणाली. बदललेली आवृत्ती पाहिली तर जुनाच कोड इकडचा तिकडे. एक्सव्हिडवाल्यांनी काम थांबवले आणि जाहीर बोभाटा केला. ऑगस्टमध्ये कंपनीला स्रोत खुला करावा लागला.

लक्षात घ्या, इथे चोर कंपनी होती. आणि ज्यांचे अवजार पायरसीवाले सर्रास वापरत, ते परवान्याच्या अक्षरावर बोट ठेवून भांडत होते.

कंपन्यांनी पायरेट लोकांचेच काम उचलल्याची आणखी उदाहरणे आहेत?

आहेत. २००८मध्ये युबिसॉफ्टने एका गेमसाठी दिलेल्या दुरुस्तीत रीलोडेड या गटाची फोड, म्हणजे गेमचे कुलूप उघडणारी फाइल, निघाली. २०१०मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकल्या जाणाऱ्या एका जुन्या गेमच्या मुख्य फाइलमध्ये मिथ या गटाचे बोधचिन्ह सापडले. आपलेच कुलूप उघडायला घरमालकाने चोराने बनवलेली किल्ली वापरली, आणि किल्लीवर चोराचे नाव तसेच राहिले.

मला जवळचे उदाहरण नेटफ्लिक्सचे. २०१२मध्ये फिनलंडमध्ये सेवा सुरू झाली तेव्हा एका मालिकेच्या फिनिश सबटायटल्समध्ये हौशी अनुवादकांच्या गटाचे नाव पडद्यावर झळकले. अनुवाद त्यांचाच उचललेला, नाव पुसायचे राहून गेले. हौशी मंडळींना परवानगी नव्हती हे खरे. पण वाक्य न् वाक्य त्यांनी केले होते हेही खरे.

सबटायटल तर मीच लिहितो. मग माझ्या फाइलवर माझाच हक्क ना?

अर्धा. संवाद ही दुसऱ्याची साहित्यकृती आणि त्याच्या अनुवादाचा हक्क मूळ हक्कधारकाचा. नेदरलँड्समध्ये हौशी अनुवादकांनी हाच मुद्दा कोर्टात नेला, आणि २०१७मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्टाने परवानगीविना सबटायटल बनवणे व वाटणे हक्कभंगच ठरवले. स्वीडनमध्ये तर २०१३मध्ये सबटायटलांच्या एका साइटवर पोलिसांची धाड पडली होती.

तरीही हे श्रम खरे असतात. दीड तासाच्या चित्रपटाला हजार-बाराशे ओळी, प्रत्येकीची सुरुवात-शेवट सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. माणूस 'हं' म्हणतो तेव्हा ते 'बरं' आहे, 'बघू' आहे की 'गप्प बस', ते ठरवायचे. 'तुम्ही'चे 'तू' कोणत्या दृश्यात होते ते पकडायचे. इंग्रजीत ते दिसतच नाही, मराठीत लपत नाही.

आता माझी गोष्ट. एका इराणी लघुपटाची सबटायटल्स मी दिग्दर्शिकेच्या लेखी परवानगीने केली. गावातल्या फिल्म सोसायटीचा खेळ होता, मानधन म्हणून एक शाल आणि नारळ. पहिल्या पाच सेकंदांत 'मराठी सबटायटल्स' आणि खाली माझे नाव. सहा महिन्यांनी एका साइटवर तीच फाइल दिसली. वेळा त्याच, शब्द तेच. माझ्या नावाच्या जागी कुणा 'किंग'चे नाव, आणि शेवटी ऑनलाइन सट्ट्याची जाहिरात.

तीच कशावरून? एका ठिकाणी मुलगा दाराबाहेरून हाक मारतो, 'आई, दार उघड.' घाईत माझ्याकडून 'आई, दारू उघड' टंकले गेले होते. खेळाच्या दिवशी प्रेक्षागृह हसले तेव्हा मला कळले. किंगसाहेबांच्या फाइलमध्येही तो पोरगा दारूच मागत होता. दहा सेकंदांचा तुकडा मागायची गरजच पडली नाही.

मराठी चित्रपटांच्या बाबतीत काय चालते?

सीनवाल्यांचे कडक नियम, एनएफओ, पुरावे, असले इथे फारसे काही नाही. इथे टेलिग्रामच्या वाहिन्या आणि रोज पत्ता बदलणाऱ्या साइटी. पडद्याच्या कोपऱ्यात वाहिनीचे नाव, त्यावर दुसऱ्या वाहिनीने चिकटवलेले आपले नाव, त्याखाली तिसऱ्याचे धूसर केलेले. गावातल्या भिंतीवर एकावर एक चिकटवलेली निवडणुकीची पोस्टरे आठवा. चित्रपट मधे कुठेतरी असतो. यात सीनची नीतीही नाही आणि कारागिरीही नाही, उरली फक्त जाहिरात.

दुसरीकडे, डिजिटल चित्रपटगृहांतल्या प्रतीतही एक खूण असते, डोळ्यांना न दिसणारी. मोबाइलवर चोरून चित्रण झाले तरी कोणत्या पडद्यावर, कोणत्या खेळाला झाले ते त्यावरून शोधता येते. आणि २०१६मध्ये एका हिंदी चित्रपटाची प्रत प्रदर्शनाआधीच फुटली, तिच्या पडद्यावर 'फॉर सेन्सॉर' अशी ठळक अक्षरे होती. ती खूण पुसण्याचीही तसदी कुणी घेतली नाही.

कायदा काय म्हणतो, थोडक्यात?

कॉपीराइट कायदा १९५७चा. कलम ६३खाली हक्कभंगाला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. चित्रपटगृहात चोरून चित्रण किंवा तसली प्रत दाखवणे यासाठी सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३मध्ये दुरुस्ती झाली: ३ महिने ते ३ वर्षे कैद, आणि दंड ३ लाखांपासून निर्मितीच्या लेखापरीक्षित खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात याशिवाय झोपडपट्टी दादा आणि हातभट्टीवाल्यांना स्थानबद्ध करण्यासाठीचा १९८१चा एमपीडीए कायदा आहे. त्यात २००९मध्ये 'व्हिडिओ पायरेट'ही जाऊन बसले. बिनपैशाच्या तत्त्वाची बढाई मारणाऱ्यांना ही संगत आवडणार नाही.

वाङ्मयचौर्य नावाचा वेगळा गुन्हा मात्र या कायद्यात नाही. जवळ येतात ती दोन कलमे. कलम ५७ लेखकाला आपल्या नावाचा दावा सांगण्याचा हक्क देते, आर्थिक हक्क विकून टाकले तरीही. आणि २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-बी हक्काची माहिती, म्हणजे कृतीचे आणि कर्त्याचे नाव वगैरे, अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद सांगते. माझ्या फाइलला ते लागू पडेल का, असे एका वकील मित्राला विचारले. तो म्हणाला, 'पडेल की. किंगचा पत्ता आण.'

पण मूळ कर्त्याला श्रेय दिले तर चालते ना? 'क्रेडिट्स टू ओनर' लिहितात तसे?

नाही. श्रेय वेगळे, परवानगी वेगळी. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर 'गाडी शेजारच्या काकांची' अशी चिठ्ठी लावली, तर काका खूश होणार नाहीत. बरे, 'ओनर' कोण ते नावही लिहिलेले नसते.

पायरसीतल्या गटांची सगळी नीती या एका फटीत उभी आहे. श्रेयाबाबत ते आपल्या कित्येक नामांकित लेखकांपेक्षा काटेकोर, परवानगीचा मात्र शब्दच त्यांच्या कोशात नाही. मला त्यांच्याविषयी थोडा आदर वाटतो तो पहिल्यामुळे, आणि दुसरे आठवले की जातो.

तुमच्या त्या फाइलचे पुढे काय झाले?

साइटला लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आले, 'मूळ फाइल तुमची असल्याचा पुरावा पाठवा.' दिग्दर्शिकेचे पत्र, माझी जुनी फाइल, तारखा, सगळे पाठवले. 'दारू'चेही लिहिले. फाइल काही निघाली नाही. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिले तर किंगसाहेबांचे नावही गेले होते, तिथे आता तिसऱ्याच कुणाचे तरी नाव आहे. त्याने शुद्धलेखन तपासलेले दिसते, दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घ नीट केले आहेत. 'आई, दारू उघड' तेवढे तसेच आहे.